उन्हाळी बरी झाली, आता खाज सुटली आहे. तीच गोळी परत घेऊ का?

मैत्रिणींनो, वय २२, घर बडोद्यात दांडिया बाजारात. आयडी नवीन काढलाय, कारण उघड आहे.

नवरात्रात गरब्याला आठला निघायचं, दीडला परत. घागरा सावरत मैदानावरच्या त्या टॉयलेटमध्ये जायचं म्हणजे शिक्षाच, म्हणून संध्याकाळपासून मी पाणीच पीत नव्हते. सातव्या रात्री उन्हाळी लागली. दर दहा मिनिटांनी जावंसं वाटायचं, चमचाभर व्हायची आणि शेवटच्या थेंबाला अशी कळ यायची की नळ घट्ट धरून बसायचे. आजीने धन्याचं पाणी दिलं. बाबांनी रावपुऱ्यातल्या औषधवाल्याकडून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणलं, पाच दिवसांचं. तिसऱ्या दिवशी आराम पडला.

कोजागिरीनंतर मात्र खाज सुरू झाली. अंगावरून पांढरं जातंय, नासलेल्या दुधासारखं. वास नाही. लघवीला परत जळजळतं. औषधवाला म्हणतो तोच कोर्स परत घ्या. आई म्हणते, लग्नाआधी गायनॅककडे कशाला? काय करू?

प्रतिसाद
मी फॅमिली डॉक्टर आहे. इथे निदान होत नाही, पण एक सांग: जळजळ आत, लघवी सुटताना होते, की लघवी बाहेरच्या कातडीला लागली की? आणि सारखं जावंसं वाटतं का?

धागाकर्ती
बाहेर लागली की! सारखं जावं लागत नाही. हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

प्रतिसाद
मग हे बहुधा दुसरंच दुखणं आहे. त्या गोळ्यांनी योनीमार्गातले आम्लता राखणारे चांगले जिवाणू, लॅक्टोबॅसिलस, तेही मारले असणार, आणि कँडिडा नावाच्या बुरशीला रान मोकळं मिळालं. तीच गोळी परत घेतलीस तर बुरशीचंच फावेल. पातळ करडं पाणी आणि माशासारखा वास असता तर जिवाणूंचा संशय घेतला असता. पिवळं-हिरवं, फेसाळ असतं तर ट्रायकोमोनास या परजीवीचा, जो शरीरसंबंधातून येतो. पण नुसत्या वर्णनावर डॉक्टरही चुकतात, म्हणून स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर स्रावाचा नमुना, द्यायचा. लघवीची रुटीन आणि कल्चरही (जंतू वाढवून बघायची तपासणी) करून घे. पहिली धार सोडून मधली बाटलीत धर. खरं तर हे पहिल्या गोळीआधी व्हायला हवं होतं.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या यांतलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठ, मूत्रपिंडापर्यंत गेलेलं असू शकतं.

धागाकर्ती
ताप नाही. आतून तपासतात का हो? त्याचीच भीती वाटते.

प्रतिसाद
संबंध आले नसतील तर तसं सांग, यंत्र आत न घालता स्वॅब घेता येतो. आले असतील तरी सांग, तपासण्या त्यावर ठरतात, गरोदरपणाचीही. आईसमोर बोलायचं नसेल तर तिला दोन मिनिटं बाहेर बसवायला डॉक्टरांना सांगायचं.

दुसरा प्रतिसाद
मी इंदूरची. मला वर्षात चारदा हीच खाज झाली, दर वेळी मलम लावून गप्प बसले. शेवटी रक्तात साखर निघाली. परत परत झालं तर शुगर बघ. आणि ते सुगंधी वॉश वापरत असशील तर आधी फेक.

धागाकर्ती
वापरत होते. दिवसातून दोनदा. 🙈 उद्या अकराची वेळ मिळाली आहे, आई येते आहे. बाबांना दाढ दाखवायला चाललो म्हणून सांगितलंय.