ठरावीक वार पाळायचाच का? शनिवार, रविवार की "कोणताही चालेल"

दिवाबत्ती (धागाकर्ता)

"माझा शब्बाथ मी मला जमेल त्या दिवशी घेतो" हे वाक्य ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हल्ली सर्रास ऐकू येतं. (शब्बाथ म्हणजे दहा आज्ञांतला सातव्या दिवसाचा, म्हणजे शनिवारचा, विसावा.) त्याच्या पाठीशी रोमकरांस पत्र १४:५ असतं: कोणी एखादा दिवस दुसऱ्याहून थोर मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. वचन खरं, पण त्यावर चढवलेला इमला मला कच्चा वाटतो.

आधी एक गाठ सोडवू. उपासनेचा दिवस आणि सुट्टीचा दिवस हे आपण एका दमात बोलतो, पण दोन्हींचा जन्म वेगळा आहे. रविवारी जमणं फार जुनं. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रोमी सम्राटाला लिहिलेल्या पहिल्या समर्थनपत्रात (प्रकरण ६७) सगळा क्रम देतो. शहरातले आणि खेड्यांतले लोक एका ठिकाणी येतात. वेळ असेल तितकं प्रेषितांच्या आठवणींचं किंवा संदेष्ट्यांचं वाचन होतं, मग प्रमुखाचा बोध, मग उभं राहून प्रार्थना, मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी. गैरहजर असणाऱ्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देतात. जमलेली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांना जाते. इतक्या तपशिलात काम बंद ठेवण्याबद्दल अवाक्षर नाही. नसणारच, कारण साम्राज्यात रविवार तेव्हा कामाचा दिवस होता. ११२ च्या आसपास रोमी अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात. बहुधा उजाडल्यावर मालकाच्या कामाला लागायचं असे.

सुट्टी आली ७ मार्च ३२१ ला, रोमी सम्राट कॉन्स्टन्टाईनच्या हुकमाने. न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांनी काम थांबवायचं. शेतकऱ्यांना मात्र सूट, कारण पेरणीला आणि द्राक्षवेली लावायला पुन्हा इतका योग्य दिवस मिळेलच असं नाही. हुकमातला शब्द 'सूर्याचा पूज्य दिवस' असा आहे.

तेव्हा माझी बाजू अशी: रविवार स्वभावतः पवित्र नाही, पण ठरलेला दिवस हवाच. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीत (विश्वासाच्या जाहीरनाम्यात), २८व्या कलमात, लूथरपंथीयांनी हेच म्हटलं. मंडळीच्या अधिकाराने शब्बाथच्या जागी रविवार बंधनकारक झाला असं मानणारे चुकतात, पण कधी एकत्र यायचं हे लोकांना कळावं म्हणून एक दिवस नेमणं आवश्यक होतं. 'कोणताही' म्हटलं की जमणंच सुटतं.

सातवा प्रहर

तुमचे पुरावे नीट वाचले तर ते माझ्याच बाजूने बोलतात. रविवारच्या विश्रांतीला शास्त्राचा आधार नाही, राजाचा आहे. मग आज्ञेतला दिवस का सोडायचा?

उत्पत्ति २:३ मध्ये देव सातवा दिवस आशीर्वादित करतो. तेव्हा इस्राएल नाही, आज्ञा मिळाल्या तो सीनाय डोंगर नाही. निर्गम १६ मध्ये मान्ना (रानात देवाने दिलेलं अन्न) पडतो तोही दहा आज्ञांच्या आधी: रोज माणशी एक ओमेर, म्हणजे साधारण दोन लिटर, आणि सहाव्या दिवशी दोन ओमेर. इतर दिवशी उरवलेल्या मान्न्यात किडे पडत, सहाव्या दिवशी ठेवलेल्यात नाही. दिवस कोणता हे देवाने असं दर आठवड्याला दाखवून दिलं. पुढे ही आज्ञा दगडी पाट्यांवर गेली. नऊ आज्ञा चालू ठेवायच्या आणि एकच मोडीत काढायची, याला काय तर्क?

रविवारच्या बाजूने दोन वचनं नेहमी पुढे केली जातात. १ करिंथ १६:२ मध्ये 'प्रत्येकाने आपल्याजवळ बाजूला काढून ठेवावे' असं आहे. तो घरचा हिशेब आहे, सभा नाही. दुसरं प्रेषितांची कृत्ये २०:७, त्रोवस शहरातली सभा. प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतो, माडीवर पुष्कळ दिवे आहेत, युतुख नावाचा तरुण तिसऱ्या मजल्यावरून पडतो. यहुदी मोजणीने दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे 'पहिल्या दिवसाची' रात्र ही आपली शनिवारची रात्र. मग उजाडल्यावर, रविवारी, पौल काय करतो? अस्स गावापर्यंत पायी जातो (२०:१३). रविवार शब्बाथ झाला असता तर हा प्रवास कसा?

खडू

मी तिसऱ्या काठावर आहे: कोणताच वार बंधनकारक नाही. शब्बाथ ही इस्राएलशी केलेल्या कराराची खूण होती, निर्गम ३१:१३ ते १७ मध्ये सरळ तसंच लिहिलंय. उत्पत्ति २ मध्ये देव विसावतो, माणसाला आज्ञा कुठेच देत नाही. आदाम, नोहा, अब्राहाम यांनी शब्बाथ पाळला असं एक वाक्य दाखवा.

आणि मुख्य म्हणजे कृत्ये १५. अन्यजातीय विश्वासणाऱ्यांवर काय लादायचं यासाठी यरुशलेमेत बैठक बसली. चार गोष्टी ठरल्या: मूर्तींना अर्पिलेलं, रक्त, गुदमरून मेलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहा. शब्बाथ नाही. बाहेरून आलेल्या माणसाला सर्वांत आधी अडचणीत टाकणारी गोष्ट हीच असती. विश्वास ठेवणाऱ्यांत कितीतरी जण गुलाम होते, त्यांना दर सातव्या दिवशी कोण सोडणार होतं? ती यादीत नसणं हे उत्तर आहे.

कलस्सै २:१६-१७ तर उघडच आहे: सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये, ही छाया होती.

सातवा प्रहर

कलस्सैतला 'शब्बाथ' म्हणजे लेवीय २३ मधले वार्षिक शब्बाथ. प्रायश्चित्ताचा दिवस वगैरे.

खडू

ते वार्षिक 'सण' या शब्दात आलेच. सण वर्षाचे, अमावास्या महिन्याची, मग तिसरा आठवड्याचाच उरतो. हाच क्रम होशेय २:११ मध्ये आहे. तिथे तुम्ही 'शब्बाथ'चा अर्थ आठवड्याचाच घेता ना? तुमचा त्रोवसचा मुद्दा मात्र चांगला आहे, तो मी मान्य करतो.

दिवाबत्ती

त्रोवसबद्दल थोडं थांबा. कृत्येचा लेखक लूक तिथे म्हणतो की पौल 'दुसऱ्या दिवशी' निघणार होता. सूर्यास्ताची मोजणी धरली तर पहाट त्याच दिवसाची होते, दुसऱ्या दिवसाची नाही. म्हणजे लूक बहुधा रोमी पद्धतीने मोजतोय, सभा रविवारी रात्रीची आणि प्रवास सोमवारचा. शंभर टक्के कोणालाच सिद्ध करता येणार नाही, पण हे वचन शनिवारच्या खिशात गेलं असं समजू नका.

वल्हे

वचनांची कुस्ती चालू द्या. पाळायची वेळ आली की गाडी भलतीकडे अडते.

समजा कामाची पाळी सहा दिवस काम आणि दोन दिवस सुट्टी अशी आहे. चक्र आठ दिवसांचं, आठवडा सातांचा. दर आठवड्याला रविवार चक्रात एक घर मागे सरकतो. म्हणजे लागोपाठ दोन रविवार सुट्टीचे मिळतात आणि पुढचे सहा रविवार लागोपाठ कामाचे. ५६ दिवसांत आठ रविवार, हाती दोन. शनिवार पाळणाऱ्यालाही हेच गणित लागू. दीड महिना मंडळीत न दिसलेला माणूस 'थंडावला' असा शेरा मारण्याआधी त्याच्या पाळीचा तक्ता बघावा.

कॅथलिक मंडळीने यावर कायद्यातच वाट ठेवली आहे. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, १२४८व्या नियमात, आदल्या संध्याकाळच्या मिस्साने (उपासनाविधीने) रविवारचं कर्तव्य पुरं होतं. प्रोटेस्टंट बाजूला वेस्टमिन्स्टर कबुली (१६४६) रविवारबाबत भलतीच कडक आहे, करमणुकीच्या गप्पाही नकोत म्हणते, पण तीही 'गरजेची आणि दयेची' कामं वगळते. रुग्णाची शुश्रूषा, जनावराचं चारापाणी, आग विझवणं यात बसतं. दुकान उघडं ठेवल्याने विक्री वाढते, हे बसत नाही. घोळ मधल्या पट्ट्यात होतो: वीजकेंद्र, रेल्वे, दूध. माझी कसोटी अशी की हे काम चोवीस तास थांबलं तर कोणाच्या जिवाला किंवा अन्नाला धोका आहे का? नसेल तर ती गरज नव्हे, सवय.

दुसरी चूक घराघरात होते. निर्गम २०:१० ची यादी वाचा: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका. बायको नाही! कारण 'तू' मध्ये तीही आली. तिला यादीत घातलं असतं तर ती मालकाच्या हाताखालची ठरली असती. प्रत्यक्षात मात्र उपासनेहून आल्यावर नवरा 'विसावा' घेतो आणि चार पाहुण्यांचा स्वयंपाक तीच करते. अनुवाद ५:१४ मध्ये कारण दिलंय, तुझ्यासारखा तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा म्हणून. एकाचा विसावा दुसऱ्याच्या घामावर उभा राहिला तर दिवस शनिवार असो की रविवार, आज्ञा मोडलीच.

उपाय साधा आहे, तो शनिवारवाल्यांकडून शिकण्यासारखा. ते शुक्रवारला 'तयारीचा दिवस' म्हणतात, ग्रीक भाषेत तर शुक्रवारचं नावच 'पारास्केवी', म्हणजे तयारी. सूर्यास्ताच्या दोन तास आधीपर्यंत: दोन वेळचं अन्न शिजलेलं, कपडे काढून ठेवलेले, येणी-देणी मिटवलेली, गाडीत इंधन. रविवार पाळणारे यातलं काहीच शनिवारी करत नाहीत आणि मग रविवारी सकाळी घरात आरडाओरड.

सातवा प्रहर

वल्हे, शेवटच्या परिच्छेदाबद्दल आभार. एक भर: आमच्याकडेही तयारीच देव होऊन बसायचा धोका असतो. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात निषिद्ध कामांच्या ३९ जाती मोजल्या आहेत, गाठ बांधणं आणि दोन अक्षरं लिहिणंसुद्धा त्यात येतं. चालण्याची हद्द दोन हजार हात, एक किलोमीटरच्या आत. येशू भांडला तो या थरांशी. शब्बाथशी नाही, लूक ४:१६ म्हणतं की सभास्थानात जाण्याचा त्याचा परिपाठच होता.

खडू

परिपाठ होता कारण तो नियमशास्त्राधीन जन्मला होता, गलती ४:४. सुंताही झाली होती त्याची. ती का नाही पुढे चालवत?

आणि दिवाबत्ती, 'ठरलेला दिवस नसेल तर जमणं सुटतं' हे तुम्ही गृहीत धरलंय. जमायला वेळ ठरवावी लागते, एवढंच. ती बुधवारी संध्याकाळी ठरवली तर बिघडतं काय?

दिवाबत्ती

एका मंडळीने ठरवली तर काही नाही. प्रत्येकाने आपापली ठरवली तर बिघडतं, आणि तो प्रयोग एका देशाने करून पाहिलाय. १९२९ मध्ये सोव्हिएत संघाने 'अखंड आठवडा' आणला. पाच दिवसांचं चक्र, कामगारांचे पाच गट, प्रत्येक गटाला एक रंग, दर दिवशी एक रंग सुट्टीवर आणि बाकीचे चार कामावर. यंत्रं थांबत नाहीत, आणि रविवारचं उपासनालयही रिकामं होतं, हा हेतू लपवलेला नव्हता. माणशी सुट्ट्या मोजा: वर्षाला बहात्तरच्या आसपास, सात दिवसांच्या आठवड्यात बावन्न. विश्रांती वाढली! पण नवरा पिवळा, बायको हिरवी, मित्र लाल, तर सुट्टीत भेटायचं कोणाला? १९३१ मध्ये सगळ्यांच्या सामाईक सुट्टीचा सहा दिवसांचा आठवडा आला आणि जून १९४० मध्ये सात दिवसांचा परत. 'माझा शब्बाथ मंगळवारी' म्हणणारे आपणहून रंग निवडतायत.

म्हणूनच माझ्या लेखी रोम १४ एकट्याच्या सोयीचं वचन नाहीच. तिथे पौल एकाच मेजावर बसणाऱ्या दोघांना सांगतोय की एकमेकांना दोषी ठरवू नका. ते एकत्र बसतात हे त्यात आधीच धरलेलं आहे.

खडू

हे उदाहरण वजनदार आहे. पण त्यातून 'सामाईक दिवस सोयीचा' एवढंच निघतं, 'देवाने सांगितलेला' हे निघत नाही.

दिवाबत्ती

बरोबर. मी त्यापलीकडे काही म्हटलेलंच नाही.

पडवी

सातवा प्रहर यांना एक शंका, टोमणा नाही. सातव्या दिवसाची साखळी तुटली नाही हे मानलं. १५८२ मध्ये ग्रेगरी दिनदर्शिका आणताना दहा तारखा गाळल्या तेव्हाही गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबरच आला. पण पृथ्वी गोल आहे त्याचं काय? अलास्का १८६७ मध्ये रशियाकडून अमेरिकेकडे गेला तेव्हा तारीखरेषा सरकून तिथे लागोपाठ दोन शुक्रवार झाले. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबरचा शुक्रवार गाळला. टोंगा १८० अंश रेखावृत्ताच्या पूर्वेला असून तारीख पश्चिमेकडची वापरतो, आणि तिथले सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट (एरवी शनिवार पाळणारा ख्रिस्ती पंथ), मला माहीत आहे त्याप्रमाणे, रविवारी उपासना करतात! मग सातवा दिवस आकाशात आहे की सरकारी राजपत्रात?

सातवा प्रहर

शंका रास्त आहे आणि आमच्यात यावर एकमत नाही. टोंगातल्यांचा हिशेब असा: तारीखरेषा १८० अंशांवर सरळ धरली तर तिथला 'रविवार' हाच खरा सातवा दिवस, नाव फक्त सरकारने बदललं. सामोआत २०११ नंतर फाटाफूट झाली. अधिकृत मंडळी रविवारी जमू लागली, काही जण स्थानिक शनिवारला चिकटून राहिले. उत्तरेकडे नॉर्वेच्या ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही, तिथे घड्याळाची वेळ ठरवून घ्यावी लागते. म्हणजे काही प्रमाणात माणसांनी बसून ठरवावं लागतं, हे कबूल. पण शब्बाथ माणसासाठी झाला, आणि माणूस जिथे राहतो तिथला सातवा दिवस तो पाळतो. मी स्वतः सामोआत असतो तर स्थानिक शनिवार धरला असता.

वल्हे

आणि टोंगात?

सातवा प्रहर

तिथेही शनिवारच. पण तिथल्या भावांना चूक ठरवायला जाणार नाही.

खडू

रोम १४:५ मध्ये स्वागत असो :)