एका बाहुलीमागे किती कागद?

सुईदोरा
मी क्रोशाच्या बाहुल्या करते. वर्षाला फार तर शंभर, त्यातल्या निम्म्या युरोपात जायच्या. १३ डिसेंबर २०२४ ला युरोपीय संघाचा नवा उत्पादन सुरक्षा नियम लागू झाला आणि मी ज्या संकेतस्थळावर विकते तिथे एक रकाना उगवला: 'युरोपीय संघातील जबाबदार व्यक्ती, नाव, पत्ता, ईमेल'. तिथे माझं कुणीच नाही. पैसे घेऊन नाव देणाऱ्या कंपन्या आहेत, पण मला आलेल्या कोटेशनांत फी नमुन्यामागे, म्हणजे बाहुलीच्या प्रत्येक डिझाइनमागे होती. माझे नमुने अकरा! रकाना रिकामा सोडला, तर बाहुल्या तिकडच्या गिऱ्हाइकांना दिसेनाशा झाल्या.

विषारी माल अडवायलाच हवा. पण कागदांचा आणि तपासणीचा खर्च नमुन्यामागे बसतो, नगामागे नाही. लाख नग काढणाऱ्याला तो कळतही नाही. माझे एका नमुन्याचे नऊ नग निघतात. मग हा नियम मुलांसाठी की मोठ्या कारखान्यांसाठी?

खडूस_काका
मुलांसाठी. २००६ साली अमेरिकेत मिनियापोलिसला चार वर्षांच्या एका मुलाने बुटांबरोबर फुकट मिळालेल्या साखळीतलं पदक गिळलं. ते जवळजवळ निव्वळ शिसं होतं. मुलगा गेला. फुकटची वस्तू, खेळणं म्हणून विकलेलीही नव्हती. 'माझा धंदा लहान' हे त्या घरी जाऊन सांगाल का?

तिरपागडे
काका, उदाहरण खरं आहे, पण ते पदक कुणा क्रोशावालीने केलेलं नव्हतं. २००७ मध्ये रंगातल्या शिशामुळे मॅटेल या बड्या अमेरिकी खेळणी कंपनीने लाखो खेळणी परत मागवली, त्यावरून अमेरिकेत २००८ चा कायदा आला: १२ वर्षांपर्यंतच्या मुलांची वस्तू बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. परिणाम काय? सेलेक्टा या लाकडी खेळणी करणाऱ्या जर्मन कंपनीने २००८ संपताना अमेरिकेतली विक्रीच थांबवली. आणि २००९ मध्ये मॅटेलला मात्र स्वतःच्या प्रयोगशाळांत तपासायची परवानगी मिळाली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

नियमवाचक
मी याच कामात आहे, म्हणून दोन दुरुस्त्या.

सुईदोरा, खेळण्यांना 'जबाबदार व्यक्ती'ची अट १६ जुलै २०२१ पासूनच आहे. तुम्हाला कळलं नाही, कारण तेव्हा तुमचं संकेतस्थळ विचारत नव्हतं. २०२४ च्या नियमाने ती बाकीच्या ग्राहकोपयोगी वस्तूंनाही लावली आणि संकेतस्थळांच्या मागेही तगादा लावला. म्हणजे साडेतीन वर्षं तुम्ही नियमाबाहेरच विकत होता.

दुसरं, युरोपात प्रत्येक खेळणं प्रयोगशाळेत न्यावंच लागतं असं नाही. ठरलेली मानकं पूर्ण पाळली असतील तर उत्पादक स्वतः तपासून, त्या कागदांची फाइल ठेवून, सीई खूण (युरोपचे नियम पाळल्याची) लावू शकतो. अमेरिकेतही २०११ मध्ये दुरुस्ती झाली, एकाच वस्तूचे वर्षाला ७,५०० पेक्षा जास्त नग न काढणाऱ्या, कमी उलाढालीच्या छोट्यांना काही चाचण्यांत सूट आहे. रंगवलेल्या सुती कापडाला शिशाची चाचणी नको, मात्र वर छापील नक्षी असली की ती सूट गेली. सुटणाऱ्या बारीक भागांची चाचणी कुणालाच माफ नाही.

तिरपागडे
सूट आहे हे कळायलाच तुमच्यासारखा माणूस लागतो, हेच तर दुखणं आहे.

नियमवाचक
मान्य. ती भाषा आम्हालाही दोनदा वाचावी लागते.

खडूस_काका
सुईदोरा, बाहुलीचे डोळे कशाचे?

सुईदोरा
प्लास्टिकचे, मागून वॉशर दाबून बसवायचे. प्रत्येक डोळा ओढून बघते.

खडूस_काका
ओढून म्हणजे किती? युरोपच्या मानकात ६ मिमीहून मोठ्या भागाला ९० न्यूटन, म्हणजे साधारण नऊ किलोचा ताण, दहा सेकंद. आणि 'तीन वर्षांवरील मुलांसाठी' अशी चिठ्ठी लावून सुटका नाही. कुशीत घ्यायची मऊ बाहुली तान्ह्याच्या हातात जाणार हे धरूनच तपासतात.

सुईदोरा
काका, तुमचा राग आला होता, म्हणून काल रात्री करूनच पाहिलं. डोळ्याला चिमटा लावला, चिमट्याला पिशवी, पिशवीत पाण्याच्या एकेक लिटरच्या नऊ बाटल्या. पहिल्या दोन बाहुल्या टिकल्या. तिसरीचा वॉशर निघाला नाही, पण टाके ताणून फाकले आणि डोळा वॉशरसकट बाहेर आला. हाताने ओढून हे मला कधीच कळलं नसतं. त्या नमुन्याची विक्री बंद केली, आता डोळे दोऱ्यानेच भरते.

खडूस_काका
शाब्बास. हेच म्हणत होतो.

सुईदोरा
थांबा, मी पक्ष बदललेला नाही. ही तपासणी मला नऊ बाटल्यांत पडली. मला अडवलंय ते तपासणीने नाही, पत्त्याने. चाचणी लावा, हवी तेवढी कडक लावा. पण डोळा घट्ट बसलाय की नाही, हे तिकडच्या भाड्याच्या नावाला माझ्यापेक्षा जास्त कसं कळणार?

नियमवाचक
कळणार नाही. पण अपघात झाला तर तिथल्या अधिकाऱ्याला फाइल मागायला, माल परत घ्यायला लावायला त्याच्या हद्दीतला माणूस लागतो. तुमच्या घरी तो येऊ शकत नाही. एक वाट आहे: एकेक बाहुली टपालाने पाठवण्याऐवजी तिथल्या एखाद्या दुकानदाराला एकगठ्ठा विका. मग तो आयातदार ठरतो आणि त्याचं नाव-पत्ता चालतो. तुमची फाइल मात्र तयार हवी.

तिरपागडे
आणि दुकानदार भाव पाडून मागणार.

सुईदोरा
मागेलच. तिघांना लिहिलंय. एकीचं उत्तर आलं, तिने पहिला प्रश्न डोळ्यांचाच विचारला.