मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये घर घेतोय, बाबांच्या पैशांवरून सॉलिसिटर (घरखरेदीचे वकील) अडून बसलेत

उंबरठा (धागाकर्ता):
तातडीनं मदत हवी आहे. ऑफर मान्य झाली, मॉर्गेज (गृहकर्ज) मंजूर आहे, सर्व्हेही झाला. आता सॉलिसिटर म्हणतात भारतातून आलेल्या पैशांचा उगम दाखवा. बाबांचं पत्र दिलं, स्टेटमेंट दिलं, तरी दर वेळी नवा प्रश्न. विकणारे म्हणताहेत, महिनाअखेर एक्स्चेंज (करारांची पक्की देवाणघेवाण) झालं नाही तर घर पुन्हा बाजारात काढू. नेमके कुठले कागद दिले की हे थांबतं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

चाफा:
पैसे आले कसे? बाबांच्या खात्यातून थेट इकडे, की आधी तुमच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात? दोन्हींचे कागद वेगळे. आणि बाबांकडे ते कुठून आले? जमीन विकली, एफडी मोडली, निवृत्तीचे? "वडिलांनी दिले" एवढ्यावर सॉलिसिटरचं समाधान होत नाही, त्यांना त्याच्या मागचा टप्पा हवा असतो.

दूरदेशी:
फ्लॅट आहे की स्वतंत्र घर? फ्लॅट असेल तर पैशांचं राहू द्या, आधी लीज (फ्लॅटचा ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा) बघा.

उंबरठा:
बाबांच्या खात्यातून थेट. ३० लाख, एफडी मोडून. फ्लॅट आहे, रेडिंगला, किंमत ३ लाख २० हजार पौंड. लीजचं सॉलिसिटर बघताहेत. कृपया कागदांचं सांगा.

चाफा:
एफडीची पावती, ती मोडून पैसे जमा झाल्याची बाबांच्या खात्यातली नोंद, पैसे पाठवतानाचा ए-२ फॉर्म आणि तुमच्या इथल्या खात्यातली जमा. ही साखळी एकाच वेळी, क्रमानं द्या. आकडे जुळत नसतील तिथे (बँकेचं शुल्क किंवा टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) दोन ओळींत कारण लिहा. एफडीत ठेवलेले पैसे निवृत्तीचे असतील तर ग्रॅच्युइटी किंवा पीएफचा कागद जोडा. बाबांच्या पत्रात दोन गोष्टी हव्यातच: पैसे परत मागणार नाहीत आणि घरात हक्क सांगणार नाहीत. मॉर्गेज देणारी बँकही तेच बघते.

रोखठोक:
एवढी यातायात कशाला? इथे कुणी ओळखीचं पौंड देणारं बघा, तिकडे त्यांच्या घरी रुपये पोचवा. टीसीएस नाही, कागद नाहीत.

चाफा:
कृपया असले सल्ले देऊ नका. हे सरळ फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) विरुद्ध आहे. वर तिऱ्हाइताच्या खात्यातून आलेले पौंड दिसले की सॉलिसिटर कामच सोडतील. टीसीएस म्हणजे बुडालेला पैसा नव्हे. वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के, म्हणजे इथे ४ लाख. ते बाबांच्या विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात.

कोरा_कागद:
लाइफटाइम आयएसए (इथलं सरकारी बोनस मिळणारं बचत खातं) आहे का तुमचा? वर्षाला ४,००० पौंडांपर्यंत भरा, सरकार वर २५ टक्के घालतं. आमचं डिपॉझिट त्यातूनच उभं राहिलं. सगळ्यांनी उघडावा असं मी कळकळीनं सांगते.

पायवाट:
घर घेण्याआधी तो उघडून १२ महिने झालेले लागतात, यांना महिनाअखेर गाठायची आहे. शिवाय तो पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठीच आहे. त्यावरून विचारतो, धागाकर्ते, भारतात तुमच्या नावावर घर आहे का?

उंबरठा:
आहे, बाबांबरोबर अर्धा वाटा. आईबाबाच राहतात तिथे. पण त्याचा इथे काय संबंध?

पायवाट:
कागदांपेक्षा मोठा संबंध आहे. स्टॅम्प ड्यूटीत फर्स्ट टाइम बायर म्हणजे जगात कुठेही घराची मालकी कधीच नसलेला माणूस. तुम्ही त्यात बसत नाही. तुमच्या किमतीला ती सवलत धरून ड्यूटी होते १,००० पौंड, सवलतीशिवाय ६,०००. आणि दुसरं घर म्हणून धरलं तर संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, म्हणजे एकूण २२,०००. तुम्हाला आकडा किती सांगितलाय?

उंबरठा:
ब्रोकरनं १,००० सांगितले होते. २२,००० कुठून आणू? मी इथे चार वर्षं भाड्यानं राहतोय, दुसरं घर कसलं!

दूरदेशी:
फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घ्या, प्रश्न मिटला.

पायवाट:
मिटत नाही. एकत्र राहणारे नवरा-बायको या जादा करासाठी एकच धरतात. आणि तो लागला की पहिल्या घराची सवलतही जाते.

रानवारा:
आम्ही ग्लासगोला घेतलं. तिथे सर्व्हेचा होम रिपोर्ट विकणाराच देतो, खूप सोपं पडलं. स्कॉटलंडचा विचार करा.

पायवाट:
त्यांची नोकरी रेडिंगला असेल तर ग्लासगोचं काय करतील? आणि तिथे हाच जादा कर ८ टक्के आहे.
धागाकर्ते, घाबरू नका, एक वाट आहे. दुसऱ्या घरातला तुमचा वाटा ४०,००० पौंडांपेक्षा कमी किमतीचा असेल तर जादा कर लागत नाही. संपूर्ण घराची नाही, तुमच्या वाट्याची बाजारभावानं किंमत बघतात. बायकोच्या नावावर तिकडे काही आहे का तेही सांगा.

उंबरठा:
तिच्या नावावर काही नाही. आमचा फ्लॅट ९० लाखांच्या आसपास जाईल. म्हणजे माझे ४५.

पायवाट:
आजच्या दरानं अगदी काठावर आहे. अंदाजावर राहू नका. तिकडच्या सरकारमान्य व्हॅल्युअरकडून लेखी किंमत घ्या आणि सॉलिसिटरना आजच कळवा. ड्यूटी कम्प्लीशननंतर (व्यवहार पुरा होऊन घर ताब्यात आल्यावर) १४ दिवसांत भरायची असते, तेव्हा हे उघड करून उपयोग नाही.

चाफा:
पायवाट यांना अनुमोदन. एक्स्चेंज होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. आता एक आठवडा गेला तरी चालेल, पण २१,००० पौंडांचा फरक नंतर अंगावर घेऊ नका. एजंटला सॉलिसिटरकडून लेखी कळवा की कुठले कागद कधी येणार. तारीख दिसली की विकणारे सहसा थांबतात.

उंबरठा:
बाबांना फोन केला, व्हॅल्युअर उद्या येतोय. एफडीचे कागद स्कॅन करून आज पाठवतो. किंमत काढताना ज्या दिवशी कम्प्लीशन होईल त्या दिवसाचा पौंडाचा दर धरतात की व्हॅल्युएशनच्या दिवसाचा?

दूरदेशी:
लीज किती वर्षांची उरली आहे ते अजूनही सांगितलं नाहीत. ८० वर्षांच्या खाली असेल तर वाढवून घेणं फार महाग पडतं.

उंबरठा:
११२ वर्षं. दराचं कुणी सांगेल का?