पक्षाघातावरचा चिनी काढा, बूयांग हुआनवू थांग, बाबांना द्यावा का?

सावली:
बाबांना स्ट्रोक येऊन गेला, उजवी बाजू लुळी पडलीये, बोलताना अडखळतात. फिजिओ चालू आहे, गोळ्यांत क्लोपिडोग्रेल आणि एक कोलेस्टेरॉलची. आता काकांनी बूयांग हुआनवू थांगची माहिती पाठवलीये, चीनमध्ये पक्षाघाताला जवळपास दोनशे वर्षं देतात म्हणे, ऑनलाइन तयार पावडरही मिळते. आई म्हणते देऊन बघू, जडीबुटीच आहे, अपाय काय होणार. त्यात नक्की असतं काय आणि गोळ्यांबरोबर चालतं का? प्लीज कुणीतरी नीट सांगा, घरात रोज यावरून वाद होतायत.

जुनीपोथी:
काकांनी सांगितलेलं वय बरोबर आहे. चीनमधल्या छिंग राजवटीच्या काळातल्या वांग छिंगरन या वैद्याने 1830 च्या पुस्तकात हा काढा दिलाय. हा माणूस मला फार आवडतो, 1797 च्या साथीत दगावलेल्या मुलांचे उघड्यावर पडलेले देह बघून त्याने जुन्या ग्रंथांतल्या शरीराच्या आकृत्या चुकीच्या आहेत असं ठामपणे लिहिलं, तेव्हा हे करायला किती धैर्य लागलं असेल. अर्थात हृदयात रक्त नसतं असंही त्याचं मत होतं, म्हणजे सगळंच बरोबर नव्हतं. पक्षाघाताबद्दल त्याचं म्हणणं असं की शरीरात छी म्हणजे प्राणशक्तीचे दहा भाग असतात, दोन्ही बाजूंना पाच पाच, त्यातले पाच गेले की एक बाजू निकामी होते. म्हणून काढ्यात हुआंगछीचं मूळ भरमसाठ, 4 ल्यांग, आजच्या पुस्तकांत साधारण 120 ग्रॅम धरतात, आणि बाकी सहा गोष्टी मिळून त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढ्याही नाहीत. त्या सहा म्हणजे दांगग्वीच्या मुळाची टोकं, लाल पिओनीचं मूळ, छ्वानश्योंग नावाच्या वनस्पतीचा कंद, पीचच्या बियांचा गर, करडईची फुलं आणि वाळवलेलं गांडूळ. तेव्हा नुसती जडीबुटी नाहीये हे आईंना आधी सांगा.

रेघोटी:
माझ्या मामांना हा काढा दिला होता आणि दोन-तीन महिन्यांत हात बराच उचलायला लागले. आम्हाला तरी गुण आला. एवढं घाबरू नका, चीनमध्ये लाखो लोक घेतात.

फिजिओताई:
रेघोटी, मामा सुधारले हे वाचून खरंच बरं वाटलं. पण स्ट्रोकनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, काढा घेतला नाही तरी, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं ते एका पेशंटवरून ठरवता येत नाही. म्हणून तर मोठ्या चाचण्या करतात. न्यूरोएड नावाच्या चिनी औषधात या काढ्यातल्या सगळ्या वनस्पती आहेत, वर आणखी बऱ्याच गोष्टी, त्याची आशियातल्या सुमारे 1100 पेशंटवर चाचणी झाली, 2013 ला निकाल आला, तीन महिन्यांनंतर प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, ठोस फरक दिसला नाही. खुद्द या काढ्यावर चीनमध्ये अभ्यास भरपूर आहेत पण बरेचसे छोटे आणि कच्च्या पद्धतीचे.

सावली, मला काळजी वेगळीच वाटते. दांगग्वी, करडईची फुलं, गांडूळ या गोष्टी रक्त गोठणं कमी करू शकतात आणि क्लोपिडोग्रेलही तेच काम करतं, दोन्ही एकत्र घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दांगग्वी अजिबात नको. चिनी वैद्यसुद्धा हा काढा सरसकट देत नाहीत, नाडी जोरकस आणि बीपी चढलेलं असेल तर टाळतात, दिला तरी हुआंगछी कमी प्रमाणात सुरू करून वाढवतात. ऑनलाइन पावडरीत हे कोण बघणार? आणि पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो का बाबांना? तसं असेल तर कुठलाही काढा फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

सावली:
हो, पाणी पिताना खोकला येतो, आम्हाला वाटलं घशाला कोरड पडल्यामुळे असेल. आणि पावडर ऑर्डर झालीये हो.

फिजिओताई:
पाकीट फोडू नका, न्यूरॉलॉजिस्टना त्यावरचं लेबल दाखवा. आणि ठसक्याचं उद्याच फोन करून कळवा, स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर आडवं असताना काही देऊ नका, ताठ बसवून, आणि पाणी कसं द्यायचं, घट्ट करून की कसं, ते फोनवरच त्यांना विचारून घ्या.