चढावर घड्याळ नको, श्वास बघा

चढ-उताराची हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत संपवायची तर चढावरही ५:४१ चा पेस (म्हणजे दर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंदांचा वेग) धरायचा का, असं विचारलंय. अजिबात नको! ती शर्यतीच्या पूर्ण २१.०९७५ किमीची सरासरी आहे, प्रत्येक किलोमीटरला तेवढाच पेस हवा असं नाही. चढावर पावलं आखूड करा, सपाटीवर लागतो तेवढाच दम लागेल इतकाच जोर लावा. पेस पडला तर पडू द्या. मात्र तिथे गेलेला वेळ उतारावर पूर्ण भरून निघत नाही, म्हणून लक्ष्यच थोडं सैल ठेवा.

आणि उतार धावण्याचा सराव कराच. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. माझ्या पहिल्या डोंगराळ हाफला दम शिल्लक होता, पण १७व्या किलोमीटरला मांड्यांनी साथ सोडली.