थंडरबर्डमधली पैसेवाली शिफारस आणि ‘फुकट्यांचा गहजब’

आडवाटेकर (धागाकर्ता)

परवा थंडरबर्ड या फुकट मेलप्रोग्रामवरच्या एका धाग्यावर कोणीतरी लिहून गेलं: ‘थंडरबर्डने खातं जोडताना पैसेवालं ॲडऑन (वरून जोडायचा जादा भाग) सुचवलं तर फुकट्यांचा एवढा गहजब कशाला? दमडी न देता वापरायचं आणि वर नाकं मुरडायची.’ तिथे उत्तर लांबत चाललं, म्हणून वेगळा धागा.

पैसे मागण्याला माझी हरकत नाही. देणगीचं आवाहन येतं, मी देतोही. हरकत जागेला आहे. पत्ता-पासवर्ड टाकला आणि सर्व्हर एक्स्चेंजचा (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांतली मेलव्यवस्था) निघाला, की त्याच खिडकीत तिसऱ्या कोणाचं तरी ॲडऑन आणि शेजारी इन्स्टॉलचं बटण. तो माणूस त्या वेळी काही खरेदीला निघालेला नसतो. त्याला मेल हवी असते, उशीर झालेला असतो, आणि दिसेल ते बटण तो प्रोग्रामचीच पुढची पायरी समजून दाबतो. हेच ॲडऑन का, ते निवडलं कोणी, हे त्याला कुठे दिसतं? साटंलोटं आहे असा माझा आरोप नाही. पण ते नाही, हे त्याने निव्वळ भरवशावर मानायचं. आणि भरवशाच्या बाबतीत या घराण्याची, म्हणजे मोझिलाची, कीर्ती ठाऊक आहेच. २०१७च्या डिसेंबरात एका टीव्ही मालिकेच्या प्रचाराचं एक्स्टेंशन लोकांच्या फायरफॉक्समध्ये, म्हणजे मोझिलाच्याच ब्राउझरमध्ये, न विचारता येऊन बसलं होतं. उबुंटू या फुकट संगणकप्रणालीने २०१२ साली डॅशमध्ये, म्हणजे शोधखिडकीत, ॲमेझॉन घुसवलं, तेव्हाही ‘नको तर बंद करा की’ हेच ऐकवलं गेलं.

टोचणी

+१. फुकट वापरतो म्हणजे तोंड शिवून बसायचं का?

बोरूबहाद्दर

परवाचा तो ‘कोणीतरी’ मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

मग करायचं काय होतं? एक्स्चेंज दिसलं की ‘जमत नाही, या आता’ म्हणून दार लावायचं? २०१२ साली मोझिलाने थंडरबर्डमधून हात आखडता घेतला. पुढची कित्येक वर्षं एक्स्चेंजचं गाडं ॲडऑनवाल्यांनीच ओढलं. थंडरबर्डच्या पोटात एक्स्चेंज आलं ते १४५व्या आवृत्तीत, २०२५च्या नोव्हेंबरात, तेही फक्त मेलपुरतं. तोवर ज्याच्या ऑफिसने आयमॅप (मेल ओढायची नेहमीची पद्धत) बंद करून ठेवलंय, त्याने काय हवेतून मेल ओढायची? आणि ‘तिसऱ्या पक्षाचं ॲडऑन’ असं तिथे लिहिलेलं असतं. वाचायचं नाही आणि मग फसलो म्हणून गळा काढायचा.

मधली_सुट्टी

वाचायचं नाही म्हणे! माझे बाबा अटी-शर्तीसुद्धा चष्मा पुसून वाचतात. दुसऱ्या एका मेलप्रोग्राममध्ये त्यांनी असंच सुचवलेलं ॲडऑन घेतलं. चाचणीची मुदत संपली आणि मेल यायची थांबली. बाबांना वाटलं, रिटायर झालो म्हणून लोकांनी लिहिणंच सोडलं! आम्हाला सांगितलंही नाही, नुसते गप्प गप्प असायचे. शेवटी मी जाऊन पाहिलं तर कोपऱ्यात परवान्याची सूचना. भरले पैसे. सर्व्हरवर आयमॅप चालूच होतं, ॲडऑनची गरजच नव्हती, हे मागाहून कळलं.

बोरूबहाद्दर

बाबांचं वाईट वाटलं, खरंच. पण आयमॅपवर कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्स येत नाहीत, हे सांगायचं राहिलं तुमचं.

मधली_सुट्टी

बाबांना कसलं कॅलेंडर हो? रिटायर झालेत म्हटलं ना वर.

जुनं_भांडं

मी थंडरबर्डसाठी ॲडऑन लिहायचो. फुकट. आता दुसरी बाजूही ऐका.

आवृत्ती बदलली की काही ना काही मोडायचं, आणि मोडलं की माझ्या नावाने शिमगा. ‘आमचं अख्खं ऑफिस खोळंबलंय, आजच्या आज दुरुस्त करा’ असं एकाने सुनावलं, वर एक तारा देऊन गेला. त्या ऑफिसने कधी चहालाही विचारलं नव्हतं. २०२०च्या जुलैत थंडरबर्डची ७८वी आवृत्ती आली आणि जुन्या धाटणीची ॲडऑनं एका फटक्यात गेली. सगळं नव्याने लिहिण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. ज्यांनी पैसे घेतले त्यांना पडणं परवडलं. विश्वास विश्वास काय करताय, मी फुकटात सोडून गेलो तेव्हा कोणाचा विश्वास राखला गेला?

कुलूपकिल्ली

७८चं नाव काढलंत म्हणून. एनिगमेल (मेल कूटलेखनाने कुलूपबंद करायचं ॲडऑन) गाडलं त्याचं काय? बदल्यात आतच ओपनपीजीपी नावाचं कूटलेखन दिलं म्हणे! जीपीजी या वेगळ्या कूटलेखन-प्रोग्रामच्या की-रिंगमध्ये जपलेल्या किल्ल्या त्याला दिसेनात, त्याची चूल वेगळी. खासगी किल्ली आयात करा, आणि मुख्य पासवर्ड लावला नाहीत तर प्रोफाइलचं फोल्डर ज्याच्या हाती, किल्लीही त्याच्याच हाती. विश्वासावर चर्चा करायची तर इथून सुरू करा.

बोरूबहाद्दर

बाहेरचं जीपीजी वापरायची सोय कॉन्फिग एडिटरमध्ये आहे. शोधलं की सापडतं.

कुलूपकिल्ली

ती फक्त खासगी किल्लीपुरती. सार्वजनिक किल्ल्या आतच ठेवाव्या लागतात, म्हणजे दोन संसार. शोधलं की सापडतं!

बोरूबहाद्दर

एनिगमेलच्या काळात विंडोजवर जीपीजी वेगळं बसवताना लोक रडायचे, ते विसरलात? चार हौशी लोकांचं सुख गेलं, बाकीच्यांना कूटलेखन आयतं मिळालं.

कुलूपकिल्ली

हौशी? माझं पोट आहे यावर. तुमची पातळी कळली, धन्यवाद.

टोचणी

अवांतर: जुनं_भांडं, तुमचं ॲडऑन कोणतं होतं?

आडवाटेकर

एनिगमेलचं श्राद्ध दुसऱ्या धाग्यावर घाला, हात जोडतो.

जुनं_भांडं, तुमचा संताप रास्त आहे, पण तो माझ्या मुद्द्याला लागत नाही. पैसे घ्या, जरूर घ्या. मात्र अशी बरीच ॲडऑनं बसवताना काय परवानगी मागितली जाते ते आठवा: थंडरबर्ड आणि तुमचा संगणक यांच्यावर संपूर्ण, अनिर्बंध ताबा. सगळी मेल, सगळ्या फायली. हा होकार प्रोग्राम स्वतःच्या तोंडाने मिळवून देतोय. ॲडऑन उद्या दुसऱ्याने विकत घेतलं तर? ‘ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचं एक्स्टेंशन २०२० साली विकलं गेलं आणि २०२१मध्ये मालवेअर म्हणून गूगलला क्रोममधून काढावं लागलं. आणि गरिबीचं गाऱ्हाणं नको. थंडरबर्डला २०२२ साली ६४ लाख डॉलरच्या वर देणग्या मिळाल्या.

बोरूबहाद्दर

त्यातले बहुतांश पगारात जातात. पगार दिले म्हणूनच ते १४५ आलं ना?

बरं, मिटवा. बटणाशेजारी परवान्याची किंमत आकड्यात, आणि ‘यात आम्हाला वाटा मिळतो’ किंवा ‘मिळत नाही’ अशी एक ओळ. एवढ्याने महाराजांचं समाधान होईल?

आडवाटेकर

होईल. पहिल्याच पोस्टमध्ये दुसरं काय मागत होतो?

बोरूबहाद्दर

पहिल्या पोस्टमध्ये उबुंटू होतं, फायरफॉक्स होतं, घराण्याचा उद्धार होता. ही ओळ मला काही दिसली नाही. असो. बगझिलावर (मोझिलाची तक्रारवही) नोंदवा आणि दुवा इथे द्या, मत देतो. कृपया हलके घ्या.

जुनं_भांडं

@टोचणी, फोल्डरांना रंग देऊन जुनी मेल आपोआप आवरून ठेवायचं ॲडऑन.

टोचणी

अरे, ते तुमचं होतं? ते गेल्यापासून माझ्या इनबॉक्सचा उकिरडा झालाय! परत सुरू करा ना, मी पैसे देईन.

जुनं_भांडं

किती?

टोचणी

आधी महिनाभर चालवून बघतो, मग बोलू.