दोन जनरेटर समांतर, एकावरच सगळा लोड. रात्री दुसरा ट्रिप

तासगावचा वायरमन:
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला आहे. २०० किलोवॅटचे दोन डिझेल जनरेटर, सारखेच मॉडेल. सकाळी 'ए' वर १०० किलोवॅट असताना 'बी' हाताने सिंक करून (वेग आणि ताल 'ए'शी जुळवून) जोडून घेतो, मग कशाला हात लावत नाही. दुपारी सगळे कॉम्प्रेसर लागून लोड २४० झाला की 'ए' वर १७०, 'बी' वर ७०. रात्री लोड ४० वर आला की 'बी' रिव्हर्स पॉवरवर (वीज उलटी 'बी'त शिरली म्हणून) ट्रिप. मेकॅनिकने 'बी'चा व्होल्टेज पॉट (व्होल्टेज कमीजास्त करायचा नॉब) फिरवला. अँपिअर वाढले, किलोवॅटचा काटा जागचा हलला नाही. आता म्हणतो नवीन एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) घ्या. घेऊ का?

टर्बाइनआबा:
पैसे खिशात ठेवा. साखर कारखान्याच्या पॉवरहाऊसला बत्तीस वर्षं काढली, वाळवा तालुक्यात. किलोवॅट येतो डिझेलमधून, आणि डिझेल गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या, हातात. व्होल्टेज पॉट फिरवला की नुसता रिअॅक्टिव्ह करंट (काम न करता ये-जा करणारा) दोघांत फिरत बसतो, म्हणून अँपिअर वाढले. तो पॉट आधी जागेवर आणा, दोन्हींचा पॉवर फॅक्टर सारखा दिसेपर्यंत.

आता तुमचेच आकडे बघा. 'ए' १०० वरून १७० वर गेला, म्हणजे ७० वाढला. 'बी' शून्यावरून ७०. वाढ सारखी! म्हणजे दोन्हींचा ड्रूप (लोड वाढला की वेग किती उतरतो ते) सारखा आहे, गव्हर्नर चांगले आहेत. चुकलंय ते सुरुवातीचं ठिकाण.

ड्रूप ४ टक्के धरा. लोड वाढला की इंजिन जरा दमतं आणि गव्हर्नर त्याला मुद्दाम तेवढं दमू देतो: शून्य ते २०० किलोवॅटला २ हर्ट्झ. 'ए' रिकामा ५२ वर, तर १०० किलोवॅटला ५१. त्याच ५१ वर तुम्ही 'बी' जोडला आणि तसाच सोडला, म्हणजे त्याचं रिकामं ठिकाण ५१. एका बसवर (दोघांची वीज एकत्र येते त्या पट्टीवर) दोघांचे हर्ट्झ एकच, त्यामुळे त्यांच्यात कायम १०० किलोवॅटचा फरक राहणार. लोड ४० झाला की 'ए' ७० आणि 'बी' उणे ३०. 'बी' तेव्हा जनरेटर नाही, 'ए'च्या विजेवर फिरणारी मोटर आहे. रिलेनं बरोबरच केलं.

सातारा एमआयडीसी:
आबा, इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर असेल तर ड्रूप शून्य करून टाका की. दोन्ही नेमके ५० वर. आमचा एक सेट तसाच चालतो.

टर्बाइनआबा:
एकटा चालतो हो, दोन नाही. आमच्याकडे एका रात्री नव्या पोरानं दोन्ही टर्बाइनचा ड्रूप नॉब शून्यावर नेला. एकाला वाटतंय ५० च्या जरा खाली, दुसऱ्याला जरा वर. पहिला वाफ उघडत सुटला, दुसरा मिटत. मग उलटं. मीटरचे काटे झोपाळ्यासारखे, आणि व्हॉल्व्हचा फुस्स-फुस्स आवाज कंट्रोल रूमपर्यंत. मी धावत जाऊन एकाला ड्रूप दिला तेव्हा थांबलं. चहा तसाच गार झाला. शून्य ड्रूपवर दोन मशीन चालवायची तर गव्हर्नरांना आपसात जोडणाऱ्या लोड शेअरिंगच्या तारा पाहिजेत. त्या असतील तर खुशाल करा.

ड्रूप म्हणजे दोष नव्हे. ग्रिडवरच्या औष्णिक मशीनना तर नियमानंच ३ ते ६ टक्के ठेवायला लावतात.

वायरमनदादा, 'बी' सिंक झाल्यावर पॅनेलवरचा स्पीडचा नॉब हळू वाढवा, त्याच वेळी 'ए'चा तेवढाच कमी. दोन्हींवर ५०-५० आले की थांबा. एकटा 'बी' वाढवलात तर हर्ट्झ वर जाईल. संध्याकाळी 'बी' काढताना उलटं करा, लोड शून्याजवळ आणून मगच ब्रेकर उघडा.

तासगावचा वायरमन:
आबा, आज केलं. दुपारी १२२ आणि ११८. रात्री साडेअकराला ४० वर आला तेव्हा २२ आणि १८, 'बी' चालूच होता. मेकॅनिकला काटे दाखवले, तो म्हणाला डिझेल चांगलं आलं असेल.

टर्बाइनआबा:
असू दे. ४ किलोवॅटसाठी नॉब कोरत बसू नका.